हरणाचं कातडं

१७ फेब्रुवारी, सोमवार. फोरबर्ग, हेगजवळ

आज सामान हलवलं. दोन बॅगा, सायकल आणि कमलवहिनीनं बळेच दिलेला जवसाच्या चटणीचा डबा. अश्वजितदादा बुइटनव्हेल्डर्टहून गाडी घेऊन आला होता. घर बघून म्हणाला, समता, तुला आता आम्ही कशाला लागतोय. खोलीची खिडकी थेट फ्लीट कालव्यावर उघडते. खाली बदकं, पलीकडच्या काठानं सायकलवरून जाणारी शाळेची मुलं. लायडनच्या त्या खुराड्यात चार वर्षं काढल्यावर हे म्हणजे सुखच.

घरमालक आणि माझे नवे साहेब एकच, लोडेवाइक. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त नोटरी. उंच, अतिशय टापटीप, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांचे वडील मेक्सिकोत वीस वर्षं होते, तिथं त्यांनी अझ्टेकांच्या वस्तू जमवल्या. त्या सगळ्यांचा कॅटलॉग करून संग्रह एखाद्या म्युझियमला द्यायचा आहे. सहा महिन्यांचं काम आणि राहायची सोय इथंच. माझी पीएचडी जुनी कातडी आणि चर्मपत्रं टिकवण्यावर आहे, ते त्यांना फार आवडलं. माझ्या आधी सित्लाली नावाची एक मेक्सिकन मुलगी हे काम करत होती. ती जानेवारीत अर्धवट सोडून घरी गेली, असं ते म्हणाले.

त्यांची एकच विनंती आहे. गेमेन्टेत, म्हणजे नगरपालिकेत, हा पत्ता नोंदवू नकोस. वस्तू दुर्मीळ आहेत, इथं कोण राहतं हे चारचौघांत जायला नको. दादाला ते खटकलं. मी म्हटलं, लायडनचा पत्ता अजून चालू आहे, काय बिघडतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सित्लालीच्या नोंदी २१४ पर्यंत आहेत. तिचं अक्षर मोठं आणि गोल. मी २१५ पासून सुरू केलं. काचेसारखी काळी पाती, अजून इतकी धारदार की कागद आपोआप फाटतो. निळ्या पिसांचा हाताएवढा तुकडा. सूत काढायच्या मातीच्या चकत्या, प्रत्येकीवर वेगळं फूल.

दिवसभर वस्तू हाताळते आणि संध्याकाळी वाचते. पाचशे वर्षांपूर्वीचं, अझ्टेकांनी तळ्याच्या मधोमध वसवलेलं दोन लाख वस्तीचं शहर. तळ्यातला गाळ उचलून केलेली शेतं, त्यात वर्षाला कितीतरी पिकं. पाण्यातून जमीन काढण्याचा अभिमान बाळगणाऱ्या या देशात बसून हे वाचायला मजा येते. पिण्याचं पाणी दोन समांतर पाटांनी यायचं, एक धुवायला काढला तरी दुसरा चालू. रस्ते रोज झाडलेले. आणि शाळा सगळ्यांना. मुलगा असो की मुलगी, सरदाराचा असो की विणकराचा. तिथंच मी थांबले. आमच्या आजोबांना गुरुजी वर्गाबाहेर बसवायचे, आणि ही गोष्ट त्याच्याही चारशे वर्षं आधीची.

पण जगाला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट माहीत आहे, की ते माणसांची काळजं काढायचे. एका देवळाच्या उद्घाटनाला चार दिवसांत ऐंशी हजार बळी दिले असं लिहून ठेवलंय. मी हिशेब केला: रात्रंदिवस, मिनिटाला चौदा. हे शक्य नाही. पण मेक्सिको शहराच्या पोटात खरोखरच कवट्यांची भिंत सापडली आहे, तीत बायका आहेत, लहान मुलंही आहेत. म्हणजे घडलं होतं, आणि आकडे फुगवलेले होते. दोन्ही खरं. जिंकणारे आधी हरलेल्याला घाणेरडा ठरवतात आणि मग त्याची जमीन घेतात, एवढं मात्र मला कुणी शिकवायला नको.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लोडेवाइकना नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. इथं सगळेच मारतात, पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला? आज तसं बोलून दाखवलं. त्यांनी विचारलं, मग तुमच्याकडे काय म्हणतात. मी म्हटलं, काका, आजोबा, नाहीतर बाबा. माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यामुळे बाबा मोकळंच होतं. त्यांनी तो शब्द चार-पाच वेळा म्हणून बघितला. फार खूश झाले. म्हणाले, मग तू माझी लेक.

सोमवारी आणि गुरुवारी ते माझ्यासाठी सूप करतात. आज दुसऱ्यांदा झालं. अख्ख्या मक्याचे फुललेले दाणे, भोपळा, मांसाचे तुकडे. तळघरातल्या फ्रीजरमधून डबा आणतात आणि गरम करतात. मांस हरणाचं, फेलुवेच्या जंगलातलं, एक ओळखीचा शिकारी देतो. किंचित गोडसर लागतं, चरबी जास्त आहे, चमच्याला पांढरा थर धरतो. ते स्वतः घेत नाहीत, पोटाला सोसत नाही म्हणतात. समोर बसून मी खाताना बघत राहतात. एकटा म्हातारा माणूस, कुणी जेवतंय हे बघूनच बरं वाटत असेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात एक वास आहे.

पहिल्या दिवशी तो राळेसारख्या धुपाचा वाटला. तिकडचा कोपाल नावाचा धूप आहे, बाबा सकाळ-संध्याकाळ जाळतात. पण धुपाच्या खाली दुसरं काहीतरी आहे. गोड आणि जड. जिन्यात जास्त येतो. काल उशीच्या अभ्र्यालाही आला.

मला तो ओळखू येतो, पण कबूल करावंसं वाटत नव्हतं. कातडं नीट न खारवता ठेवलं की असा येतो. माझ्या प्रयोगशाळेत यायचा. आणि त्याच्या आधी आमच्या घरातल्या गोष्टींमध्ये होता. अकोल्याकडच्या आमच्या गावात मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्याच वस्तीकडे. आजोबा सांगायचे, सोलताना वास येत नाही, वास येतो तो लोकांच्या तोंडावर, आपल्याला बघून मुरडलेल्या नाकांवर. छप्पन साली त्यांनी सुरी टाकली ती कायमची. अण्णांनी चामड्याची चप्पलसुद्धा घातली नाही. आणि मी शिकायला घेतलं ते कातडंच. घरात कुणी हसलं नाही तेव्हा.

किळस ही शिकवलेली गोष्ट असते, हे मी मुद्दाम लक्षात ठेवते. कुणाच्या घरात शिरून नाक मुरडणारी मी नाही. जुना संग्रह आहे, ओल आहे, तळघर आहे. वास येणारच.

४ मार्च, मंगळवार

आज जेवणानंतर मोठा वाद झाला. मी टेबलावर २३१ नंबरची मूर्ती मांडली होती. अझ्टेकांच्या वसंताच्या देवाची, मातीची, वीतभर. चेहऱ्यावर दुसरा चेहरा चढवलेला. तोंडाच्या आत तोंड. मनगटांपाशी आणखी दोन हात लोंबतायत, रिकामे. हा देव सोललेल्या माणसाचं कातडं घालतो. जुनं साल टाकून धान्य उगवतं, तसं. त्याच्या सणात पुजारीही घालायचे, वीस दिवस, कुजेपर्यंत. सण मार्चमध्ये यायचा.

मी म्हटलं, हे सगळं स्पॅनिश पाद्र्यांनी ऐकून लिहिलेलं, जपूनच घ्यायला हवं. शिवाय त्याच काळात युरोपात माणसं जिवंत जाळत होते. बाबा म्हणाले, युरोप कशाला, इथून ट्रामनं वीस मिनिटांवर बघ. १६७२ मध्ये हेगच्या जमावानं दोन भावांना फाडलं, तुकडे विकले, काहींनी खाल्ले. एकाची जीभ अजून म्युझियममध्ये ठेवलेली आहे. "त्याला आम्ही इतिहास म्हणतो. त्यांचं असलं की रानटीपणा."

मला ते पटलं. मी तसं म्हटलंही.

मग ते म्हणाले, "पण तुम्ही सगळे विद्वान, झालं म्हणणारे आणि नाही झालं म्हणणारे, कागदावर भांडता. एकानंही कधी करून बघितलेलं नाही."

मी हसले. ते हसले नाहीत. मूर्तीच्या लोंबत्या हातांवरून अंगठा फिरवत राहिले.

७ मार्च, शुक्रवार

खोलीतला हीटर तापत नव्हता म्हणून मागे हात घातला. चष्मा सापडला. जाड भिंगांचा, सहाचा तरी नंबर. बायकी फ्रेम.

एवढा नंबर असलेलं माणूस चष्म्याशिवाय विमानतळापर्यंत तरी जाईल का.

सित्लालीच्या पत्त्यावर मी मागच्या आठवड्यात दोन मेल पाठवले होते. उत्तर नाही. आज तिचे कार्डांचे खण पूर्ण उपसले. तळाशी वहीची फाडलेली पानं, इंग्रजीत. शेवटची तारीख २४ जानेवारी. लिहिलंय: लो. सांगतो मला पापा म्हण. मी म्हणते, बिचाऱ्याला बरं वाटतं. खाली: आज विचारत होता, माणूस आपणहून बळी जात असेल का. मी नाही म्हटलं. सोमवारी निघते आहे, त्याला सांगितलेलं नाही.

त्याच पानाला एका जुन्या वृत्तांताची झेरॉक्स टाचलेली. तिनं खुणा केल्या आहेत. त्या सणात कैद्याला पकडणारा त्याला लाडका मुलगा म्हणायचा, कैदी त्याला पूज्य पिता. नंतर मांस मक्यात शिजवून घरच्यांना वाढायचे. पकडणारा स्वतः ते खात नसे. आपलंच अंग कसं खायचं, म्हणून.

हे ऐकीव आहे. पाद्र्यानं लिहिलेलं. मीच सांगत असते सगळ्यांना, की ऐकीव आहे.

काल गुरुवार होता. सूप पाचव्यांदा झालं.

दादाला फोन केला. चष्मा, पानं, सगळं सांगितलं. सूप सांगितलं नाही. तो म्हणाला, आत्ता निघ. मी म्हटलं, एका म्हाताऱ्यावर असा आळ घ्यायचा तर हातात काहीतरी हवं. म्हणाला, मी कामासाठी परगावी आहे, सोमवारी न्यायला येतो, तोवर एकटी तळघरात जाऊ नकोस.

८ मार्च, शनिवार

आंघोळ तीनदा. वास केसांत आहे.

पोट बिघडलंय म्हणून खोलीतच राहिले. बाबांनी दाराबाहेर ट्रे ठेवला. झाकण काढलं नाही. ते बराच वेळ बाहेर उभे होते. पायांची सावली दिसत होती.

१० मार्च, सोमवार. दुपार, घाईत

दादा साडेपाचला येणार. आत्ता दोन.

दीडला त्यांनी तळघरात बोलावलं. नाही म्हणता आलं नाही, ते दारातच उभे होते. टेबलावर ट्रे, वर मलमल. म्हणाले, हरणाचं कातडं आहे, जानेवारीतलं, मी मीठ लावलं पण बिघडलं, कडा ओलसर झाल्या. मऊ करायचंय. कितपत मऊ, मी विचारलं. म्हणाले, "अंगावर घालता येईल इतकं."

भिंग लावलं. हरणाच्या कातड्यावर केसांची भोकं दाट असतात, ओळीत असतात. ही विरळ होती. बारीक. पिवळट मेणासारखं कातडं, आतल्या बाजूला चरबी तशीच राहिलेली, पांढरी, दाणेदार —

आणि एका टोकाला तो वण. गोल, खोलगट, कडेनं सुरकुतलेला. बीसीजीच्या लशीचा. माझ्या डाव्या दंडावर आहे तस्साच. इथल्या लोकांना ही लस देत नाहीत. आपल्याकडे देतात. मेक्सिकोत देतात.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हरणच आहे ना?"

मी म्हटलं, "हो बाबा. हरणच आहे."

हातमोजे काढले. म्हटलं टिपकागद लागेल, विशिष्ट साबण लागेल, मी आणते. ते म्हणाले तुझी सायकल पंक्चर आहे, सकाळीच बघितलं. आपण दोघं चालत जाऊ.

वर कोट घ्यायला आले आहे. ते खाली वाट बघतायत. फोन जिन्याखाली चार्जिंगला होता, तो तिथं नाही. वही खिशात —

११ मार्च. दादाकडे

जिवंत आहे. आधी ते लिहिते.

बाजारातल्या हेरेनस्ट्राटपर्यंत चाललो. स्वच्छ ऊन होतं. त्यांनी माझा हात आपल्या कोपरात अडकवून घेतला होता, बाप-लेकीसारखा. वास येत होता, भर रस्त्यात, मोकळ्या हवेत. मला वाटलं माझ्याच कपड्यांना आहे. सामानाच्या दुकानात शिरलो. गल्ल्यावरच्या बाईनं नाक आक्रसलं. मी शरमले. अशा वेळीसुद्धा शरमले.

मग मी मोठ्यानं डचमध्ये म्हटलं, "मला या माणसाबरोबर परत जायचं नाही. पोलिसांना बोलवा."

बाई माझ्याकडे बघे, त्यांच्याकडे बघे. त्यांना ती तीस वर्षं ओळखते. ते शांतपणे म्हणाले, "दमली आहे पोर. खूप काम करते." बाई हसणार होती. मी काउंटरच्या आत गेले, तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिचा दंड धरला. पुन्हा तेच म्हटलं. हळू.

तिनं फोन उचलला.

ते पळाले नाहीत. खुर्ची मागून घेतली, बसले.

पोलीस आले. दोघं. एकानं कोट काढा म्हटलं. ते म्हणाले गारठा आहे. पोलिसानं पुन्हा सांगितलं. त्यांनी एकेक बटण —

शर्ट नव्हता. कातडं होतं.

वास माझा नव्हता. रस्ताभर माझा हात त्याच्यावर —

१३ मार्च

त्यांनी सांगितलं म्हणे सगळं, न विचारता. सित्लालीचं नाव घेतलं. माझंही. पुढच्या वर्षीच्या वसंतासाठी मी. तोवर चांगली खाऊन-पिऊन.

जबाब घेणाऱ्या पोलीस बाईला मी म्हटलं, हे अझ्टेकांचं नाही, असं लिहून घ्या. ज्या माणसांनी शहर बांधलं, शाळा काढल्या, जे त्यांच्या देवळात झालं तेही त्यांचं होतं, त्याला अर्थ होता, भीती होती, सगळं गाव होतं. हा एकटा माणूस. पुस्तक वाचून. एका मुलीला.

तिनं लिहून घेतलं. मग विचारलं, तिथं काय काय खाल्लंस.

१४ मार्च

सांगितलं. पाच वेळा.

फ्रीजरमधले डबे तपासायला गेलेत. आठवडा लागेल.

हाउसआर्ट्सनं, इथल्या फॅमिली डॉक्टरनं, गोळ्या दिल्या. म्हणाला शरीर कधीच स्वच्छ झालं, अन्न तीन दिवसांत बाहेर पडतं. मी विचारलं, आणि जे अंगी लागतं ते?

त्यानं पुढची तारीख दिली.

१६ मार्च

खात नाही. भात बघवत नाही, शितं मक्यासारखी फुललेली. पाणी चालतं. काळा चहा.

जीभ ब्रशनं घासली, रक्त आलं. ते गिळलं आणि मग —

ती चव चांगली होती. हे कुणाला सांगायचं. दुसऱ्या वेळी मी थोडं आणखी मागितलं होतं.

१८ मार्च

अपूर्वा, दादाची मुलगी, सात वर्षांची, माझ्या पेल्यातून पाणी प्यायला गेली. वहिनीनं झटकन हात धरला. अपूर्वानं डचमध्ये विचारलं, का. वहिनीनं पेला उचलून नेला.

आता माझा पेला वेगळा आहे. खिडकीत. चमचाही.

आमच्या घरात. आजोबांच्या घरात.

वहिनी रडली नंतर. मी तिला म्हटलं, मीही तेच केलं असतं. खरंच केलं असतं. मला माझा हात नको वाटतो. दंडावरचा वण —

२० मार्च

दादा म्हणतो काही नसेल. हरण असेल. तो रोज म्हणतो, हरणच असेल. मीही म्हणते. हरण.

२१ मार्च

फोन आला, आत्ता, अकराला. पोलीस बाई. म्हणाली आधी बस.

डबे अकरा. सहा भरलेले. पाच रिकामे, धुऊन पालथे घातलेले.

भरलेल्यांपैकी दोनांत हरण. खरंच हरण.

दोन.

बाकीच्या चारांत —

मी विचारलं, आणि धुतलेल्या पाचांत. ती म्हणाली त्यांनी फार स्वच्छ धुतलेत, त्या डब्यांचं आता काही सांगता येणार नाही, कधीच. त्यांना विचारलं तर फक्त हसतात. म्हणतात, माझ्या लेकीला विचारा, तिला चव —

वहिनी दारात उभी आहे. विचारतेय काय म्हणाले. तिच्या हातात पेला आहे, माझाच की कुणाचा, मला दिसत नाही, मी तिला काय —